सुरांची पंगत

पंक्तिभेद हा शब्द आमच्या पिढीच्या कानांस अपरिचित नाहीं. एकाच पंगतीस बसलेल्यांपैकीं एकाच्या पानावर तुपाची धार धरावी आणि शेजारच्याच्या पानावरून वाढप्यानें घाईनें निघून जावें, यासारखें पाप नाहीं, असें आमच्या मातोश्री सांगत. हा उपदेश आम्हीं जन्मभर पाळला. पानांवरील पंक्तिभेद आमच्या हातून बहुधा घडला नाहीं. सुरांच्या पंगतींत मात्र तो घडला. आणि घडला हें उमजण्यासाठीं वयाच्या ६१ व्या वर्षीं आम्हांस अमेरिकेपर्यंत जावें लागलें. त्याचीच ही हकीकत आहे.

आमचें गांव कृष्णाकांठचें. सन १९८६ पासून आम्ही पांच स्नेही दर गुरुवारीं रात्रीं, जेवणें उरकल्यावर, आमच्या ओटीवर वाद्यें घेऊन बसत असूं. व्हायोलिन आमच्याकडे असे. सतार वकिलांकडे, तंबोरा वैद्यांकडे, तबला पेठेंतील एका सराफांकडे आणि दिलरुबा आमच्या एका बालमित्राकडे. हा बालमित्र पोस्टांत कारकून होता. पांचांपैकीं कोणीही गवई नव्हता. बिदागी घेणारा तर नव्हताच. भजनाच्या चाली, नाटकांतील पदें, एखादी भूपाची किंवा देसाची गत, एवढाच आमचा संसार. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगून वादकांच्या समुदायास 'कुतप' ही संज्ञा दिली आहे. ती एकदां आम्हीं बोलतां बोलतां सांगितली, आणि वकिलांनीं आमच्या बैठकीस तेंच नांव ठेविलें. आळींतील पोरें त्या शब्दाचा उच्चार जरा निराळा करीत. तो येथें देण्याचें कारण नाहीं.

आमच्या बालमित्राच्या हातांत गोडवा होता, परंतु लयीचा संयम नव्हता. विलंबितांत तो नीट चाले. लय चढली कीं त्याचा गज अनावर होई, आणि आम्ही चौघे समेवर येऊन पोंचावें तों हा दोन मात्रा पुढें जाऊन आमची वाट पाहात उभा. अठरा वर्षें आम्ही सारे या गोष्टीस हंसत आलों, आणि तोही हंसे. परंतु सन २००४ च्या गणेशोत्सवांत आळीच्या मंडपांत अर्ध्या तासाचा कार्यक्रम करण्याचें ठरलें, आणि हंसण्याचा विषय होता तो एकाएकीं दोष ठरला. आठ दिवस तालमी झाल्या. आठव्या रात्रींही दिलरुबा पुढेंच धांवला, तेव्हां आम्हीं व्हायोलिन खालीं ठेविलें आणि वर्गांत बोलावें तशा आवाजांत म्हटलें, "यंदा तूं टाळ धर." तो क्षणभर आमच्याकडे पाहात राहिला. मग "बरें, मास्तर," एवढेंच म्हणाला. पाटीपुस्तकाच्या दिवसांपासून तो आम्हांस नांवानें हांक मारीत असे; त्या रात्रीं प्रथमच त्यानें 'मास्तर' म्हटलें.

कार्यक्रम निर्दोष झाला. टाळ त्यानें अर्ध्या मात्रेनेंही चुकूं दिला नाहीं. पुढच्या गुरुवारीं तो आला नाहीं, त्यापुढच्याही नाहीं. "कचेरींत काम वाढलें असेल," असें आम्हीं एकमेकांस सांगितलें. रस्त्यांत भेट झाली म्हणजे पाऊसपाणी, मुलांचीं शिक्षणें, पेन्शन यांच्या गोष्टी होत. दिलरुब्याचें नांव दोघेही काढीत नसूं. भांडण झालें असतें तर केव्हां तरी मिटलें असतें. तें झालेंच नव्हतें, म्हणून मिटविण्यासही कांहीं नव्हतें. दोन-तीन वर्षांत वकील मुलाकडे पुण्यास राहावयास गेले, वैद्यांचे गुडघे धरले, आणि कुतप मोडला. आमचें व्हायोलिन पेटींत गेलें तें तेथेंच राहिलें.

पुढें आम्ही सेवानिवृत्त झालों, आणि सन २०१९ च्या मे महिन्यांत उभयतां चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलों. ते त्या वेळीं उत्तर कॅरोलायना संस्थानांत विन्स्टन-सेलम या शहरीं नोकरीस होते. तेथून उत्तरेस सुमारें ४० मैलांवर माउंट एअरी नांवाचें गांव आहे, आणि त्यापलीकडे ब्लू रिजचे डोंगर सुरू होतात. घर प्रशस्त होतें. परंतु सकाळीं मुलगा आणि सून कामावर निघून गेलीं कीं दिवसभर भिंतींशीं बोलावें लागे. सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघर ताब्यांत घेतलें. आम्हांस करण्यासारखें कांहींच उरलें नाहीं. अशांत एके मंगळवारीं सायंकाळीं शेजारच्या घराकडून तंतुवाद्यांचा आवाज येऊं लागला. आम्ही कुंपणाशीं जाऊन ऐकत उभे राहिलों. अकरा वर्षांची नात मागून आली आणि हात धरून म्हणाली, "आजोबा, चला ना आंत. तिथें कोणीही गेलें तरी चालतें."

शेजारी गृहस्थ जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या घरांत. त्यांच्या ओसरीवर घडीच्या सहा-सात खुर्च्या वर्तुळाकार मांडलेल्या होत्या. ते स्वतः फिडल वाजवीत. फिडल म्हणजे आपलें व्हायोलिनच. वाद्य तेंच, वाजविण्याची तऱ्हा निराळी. इस्पितळांत परिचारिका असलेल्या एक बाई बँजो घेऊन बसत. बँजो म्हणतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें वरातींतील बेंजो पार्टी येईल. परंतु आपला बेंजो हा कळा दाबून वाजविण्याचा बुलबुलतरंग, आणि हें वाद्य अगदीं निराळें. यास डफासारखें कातडें ताणलेलें गोल तोंड, लांब दांडी आणि पांच तारा असतात. पांचवी तार आंखूड असून तिची खुंटी दांडीच्या मध्यावरच बसविलेली असते. बोटाच्या नखानें तारांवर वरून खालीं आघात करावयाचा आणि अंगठ्यानें ती आंखूड तार मधून मधून छेडीत राहावयाचें. ती तार एकच स्वर बोलते. तंबोऱ्याच्या षड्जाप्रमाणें तो स्वर सारखा कानीं पडूं लागला, आणि परक्या ओसरीवर आम्हांस एकदम घरीं आल्यासारखें वाटलें. एक सुतार आणि एक वृद्ध गृहस्थ गिटार वाजवीत. एक शिक्षिका माणसाच्या उंचीचा बास उभ्यानें छेडीत. कोणापुढेंही कागद नव्हता, आणि ऐकावयास आम्हां दोघांवांचून दुसरें कोणी नव्हतें.

या वादनास तेथें 'ओल्ड टाइम', म्हणजे जुन्या काळचें संगीत, म्हणतात. पूर्वीं डोंगरांतील वस्त्यांवर नाचासाठीं तें वाजविलें जाई. त्याची मांडणी साधी आहे. प्रत्येक गतीचे दोन भाग, आपल्या अस्ताई-अंतऱ्यासारखे. पहिला भाग दोनदां, दुसरा दोनदां, कीं फिरून पहिल्यापासून. अशीं दहा, पंधरा, वीस आवर्तनें सहज होतात. फिडल पुढें चालतें आणि बाकीचे मागोमाग. परंतु सारेजण आरंभापासून अखेरपर्यंत एकदमच वाजवीत असतात. कोणी पुढें सरसावून आपली करामत दाखवीत नाहीं. सन १९४० नंतरच्या दशकांत बिल मन्रो यांनीं याच संगीतांतून 'ब्लूग्रास' नांवाची शैली घडविली. तींत प्रत्येक वादक पाळीपाळीनें एकटा पुढें येतो आणि श्रोते टाळ्या देतात. या ओसरीवरील मंडळींस तसें वाजविणें मानवत नसे. शेवटचें आवर्तन आलें म्हणजे यजमान एक पाय जमिनीवरून उचलीत. तो पाहून सारे समजत, आणि आवर्तन संपतांच एकदम थांबत. तोंडानें कोणी कांहीं बोलत नसे.

पहिल्या मंगळवारीं आम्हांस हा प्रकार, खरें सांगावयाचें तर, कंटाळवाणा वाटला. तीच गत पुन्हां पुन्हां काय वाजवावयाची? परंतु दुसऱ्या खेपेस यजमानांनीं फिडलच्या तारा चढवून-उतरवून नव्यानें मिळविल्या, आणि त्या ऐकून आम्ही खुर्चींत सावरून बसलों. युरोपीय रीतीनें व्हायोलिनच्या चार तारा एकीपुढें एक पंचमाच्या अंतरानें मिळवितात. यांनीं मात्र त्या षड्ज, पंचम, षड्ज, पंचम अशा मिळविल्या होत्या. कर्नाटक संगीतांत व्हायोलिन असेंच मिळवितात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासकडे बालुस्वामी दीक्षितार यांनीं हें वाद्य युरोपियन वादकाकडून शिकून आपल्या संगीतांत आणिलें; पुढें आपल्याकडे गजाननराव जोशी (१९११–१९८७) आणि वाईस जन्मलेले वि. गो. जोग (१९२२–२००४) यांनीं त्यास राग बोलावयास लाविलें. आपण त्यास मांडी घालून भुईवर बसविलें. या डोंगरी लोकांपैकीं पुष्कळांनीं त्यास हनुवटीखालून काढून छातीवर टेकविलें. एकच पाहुणा दोन दूरदूरच्या घरीं गेला आणि दोन्हीकडे घरचा होऊन राहिला.

यजमान तरुणपणीं माउंट एअरीजवळ राहणाऱ्या टॉमी जॅरेल यांच्याकडे शिकावयास जात. जॅरेल (१९०१–१९८५) हे या प्रांतांतील फिडलचे मोठे जाणकार. त्यांनीं संस्थानच्या रस्तेखात्यांत रस्ते सपाट करण्याचें यंत्र चालवून आयुष्य काढलें. नोकरी संपली, पुढें पत्नी निवर्तली, तेव्हां त्यांनीं मागें पडलेलें वादन पुन्हां मन लावून सुरू केलें. मग दूरदूरचे तरुण त्यांच्या दारीं येऊं लागले. कोणासही परत पाठवावयाचें नाहीं. घरीं राहावें, पानावर असेल तें खावें, आणि ऐकून ऐकून शिकावें, अशी तेथील रीत. आम्हांस आमच्या शास्त्रीबोवांच्या पाठशाळेची आठवण झाली. सन १९८२ मध्यें सरकारनें जॅरेल यांस नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा बहुमान दिला. आजूबाजूच्या मुलखांतही या संगीताची राबणूक मोठी. व्हर्जिनियांतील गॅलॅक्स गांवीं सन १९३५ पासून फिडलवाल्यांचें संमेलन भरत आलें आहे, आणि माउंट एअरीचें आकाशवाणी केंद्र सन १९४८ पासून गांवकऱ्यांचें वादन शनिवारीं ऐकवीत आलें आहे. यजमान हें सांगत असतां आमच्या मनांत मात्र एकच गोष्ट घोळत राहिली: साठी उलटल्यावर मिटलेली पेटी उघडतां येते.

आतां मुख्य प्रसंगाकडे येतों. गिटार वाजविणारे जे वृद्ध गृहस्थ वर सांगितले, ते यजमानांच्या उजव्या हातास बसत. पूर्वीं त्या मंडळींत त्यांच्या हाताची बरोबरी करणारा कोणी नव्हता म्हणतात. परंतु दोन वर्षांपूर्वीं त्यांस अर्धांगाचा झटका आला होता, आणि उजवा हात मनाबरोबर चालत नसे. त्यांचा आघात नेहमीं उशिरा पडे. आमचा कान गुरुवारच्या तालमींत घडलेला. भातांतला खडा दांताखालीं यावा तसा तो आघात आम्हांस लागे. सारी गत सोडून आमचें लक्ष तेवढ्या चुकीकडे जाऊं लागलें. तिसऱ्या मंगळवारीं आम्हीं नातीस हळूच म्हटलें, "यांच्या चुकण्यानें तुम्हांस त्रास होत नाहीं काय, असें शेजाऱ्यांस विचार." पोरीनें मान हालविली. "आजोबा, हें मी नाहीं विचारणार," ती म्हणाली. आम्ही शिक्षक, मुलांनीं नाहीं म्हटलेलें आम्हांस चालत नसे. मंडळी पाणी पिण्यास उठली असतां आम्हीं आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजींत स्वतःच विचारलें.

यजमानांस राग आला नाहीं. ते म्हणाले, "गत फिरून येतेच. या खेपेस हुकली तर पुढच्या खेपेस सांपडते." एवढें बोलून ते गजास राळ लावूं लागले.

त्यानंतरची गत आम्हीं निराळ्या कानांनीं ऐकली. पहिल्या दोन आवर्तनांत जाणत्यांचे हात बसले. चौथ्या-पांचव्यांत सुताराबरोबर आलेला त्याचा नवशिका पोरगा दोन-चार स्वर उचलूं लागला. बाराव्या कीं तेराव्या आवर्तनांत त्या वृद्ध गृहस्थांचा एक आघात नेमका समेवर पडला, त्यापुढचाही पडला, मग पुन्हां सुटला. कोणीं वर पाहिलें नाहीं, कोणीं शाबासकी दिली नाहीं. यजमानांचा पाय मात्र उचलावयाचा तो आणखी तीन आवर्तनें उचलला गेला नाहीं. वीस आवर्तनें कशासाठीं, हें आम्हांस त्या रात्रीं कळलें. पंगतींत सावकाश जेवणारा असला कीं जाणतीं माणसें ताकभात कालवीत बसतात, पण उठत नाहींत. तसेंच तें होतें. आणि लगेच अर्ध्या तासाचा एक कार्यक्रम, त्यांतील न चुकलेला एक टाळ आणि "बरें, मास्तर" हे शब्द आमच्या डोळ्यांपुढें आले. घरीं आल्यावर आम्ही न जेवतांच निजलों. सौभाग्यवतींस पोट बरें नाहीं असें सांगितलें.

पुढच्या मंगळवारीं यजमानांनीं आपलें फिडल आमच्या हातीं दिलें. आम्ही खुर्ची सोडून ओसरीच्या फळ्यांवर मांडी घातली आणि वाद्याचें डोकें पायावर टेकविलें, तेव्हां मंडळींस मौज वाटली. आम्हीं भूपाची गत सुरू केली. भूपाचे पांच स्वर त्यांस परके नव्हते. त्यांच्याही कित्येक गती पांचच स्वरांत फिरतात. बारा वर्षांनीं गज हातांत आलेला, बोटें लांकडासारखीं झालेलीं. अस्ताई कशीबशी पार पडली. अंतऱ्यांत बोट घसरलें, पुढचा स्वर आठवेना, आणि कान तापले. आमच्या मनानें लागलीच आम्हांस शिक्षा सुनावली: मास्तर, आतां तुम्ही टाळ धरा. आम्हीं गज उचलला. परंतु वादन थांबलें नाहीं. दोन आवर्तनांत त्या लोकांनीं अस्ताई उचललेली होती, तीच ते वाजवीत राहिले. बँजोची आंखूड तार बोलत होती, आणि आमच्या शेजारीं ते वृद्ध गृहस्थ आपल्या उशिराच्या आघातांनीं साथ करीत होते. गत फिरून आली. आम्हीं ती धरली. त्या रात्रीं आम्हीं ती किती वेळां वाजविली, हें मोजावयाचें भान राहिलें नाहीं.

वादन आटोपलें कीं फराळ होत असे. मक्याच्या पिठाचा भाजलेला जाड तुकडा आणि घेवड्याच्या दाण्यांची उसळ हा तेथील ठरलेला बेत. उसळींत डुकराची चरबी घालण्याची त्यांची चाल. परंतु आमचें खाणें नातीकडून कळल्यापासून यजमानीणबाई एका लहान भांड्यांत चरबीवांचूनची उसळ वेगळी शिजवून ठेवूं लागल्या. तें खातां खातां एकदां बँजो वाजविणाऱ्या बाईंनीं आपल्या वाद्याची कथा सांगितली. बाई कृष्णवर्णीय होत्या. बँजो हें मूळ गोऱ्यांचें वाद्य नव्हे. आफ्रिकेंतून गुलाम करून आणिलेल्या लोकांनीं, आपल्या देशींच्या वाद्यांच्या आठवणीवरून, भोपळ्यावर कातडें ताणून तें या भूमींत प्रथम केलें. पुढें फिडल आणि बँजो एकत्र आलीं, आणि काळे व गोरे दोघेही तीं वाजवूं लागले. परंतु सन १९२० नंतर ध्वनिमुद्रिकांचा व्यापार सुरू झाला, तेव्हां कंपन्यांनीं दोन याद्या केल्या: एक काळ्या गिऱ्हाइकांसाठीं आणि एक गोऱ्यांसाठीं. फिडल-बँजोचें वादन गोऱ्यांच्या यादींत गेलें. काळ्या वादकांचीं तसलीं मंडळें गांवोगांवीं असतांही त्यांच्या तबकड्या फार थोड्या निघाल्या, आणि हें संगीत त्यांचेंही आहे ही गोष्टच लोक विसरले. याच संस्थानांतील जो थॉम्पसन (१९१८–२०१२) या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवाल्यानें तें जपून ठेविलें होतें. सन २००५ मध्यें स्थापन झालेल्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या मंडळांतील तरुण त्यांच्या घरीं जाऊन शिकले, आणि त्या मंडळाच्या ध्वनिमुद्रिकेस सन २०११ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. बाईंनींही बँजो हातीं धरला तो या तरुणांस ऐकूनच.

"माझ्या आजोबांच्या घरीं हें वाद्य होतें," त्या म्हणाल्या, "पण माझें आहे असें मला कोणीं सांगितलें नव्हतें."

हें ऐकून आमची नजर खालीं गेली, ती केवळ परदेशच्या अन्यायामुळें नव्हे. आमच्या लहानपणीं गांवांत ज्या मोठमोठ्या पंगती उठल्या, त्यांत कोणास बसूं देत नसत हें आम्हांस ठाऊक आहे. वाड्याबाहेर कोण उभे असत आणि त्यांच्या पदरांत काय पडे, हेंही आम्हीं पाहिलें आहे. आमच्या मातोश्री दयाळू होत्या. परंतु त्या गोष्टीस पंक्तिभेद हा शब्द लावल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. जो पंगतींतच नाहीं त्याच्याशीं भेद कसला, असा बहुधा सर्वांचाच समज असावा. जन्मभर पाळलेला आमचा धर्म किती तोकडा होता, हें एका बँजोनें दाखविलें.

नोव्हेंबर महिन्यांत आम्ही परत आलों. सामान सोडण्यापूर्वींच बालमित्राच्या घरीं जावें असें मनांत होतें. प्रत्यक्षांत धीर होण्यास नऊ दिवस लागले. तो अंगणांत तुळशीस पाणी घालीत होता. आम्हीं विमानांत बसून जुळविलेलीं वाक्यें एकही आठवेना. "त्या गणपतींत मी तुला टाळ दिला, तें माझें चुकलें," एवढेंच बोललों. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "तुझें म्हणणें खोटें नव्हतें. माझी लय सुटतच होती. पण टाळ फार जड लागला रे." आणि त्यानें आम्हांस नांवानें हांक मारून आंत बोलाविलें.

दिलरुबा खोळींत गुंडाळून कपाटावर ठेविलेला होता. कातडें फाटलें होतें, तरफांच्या तारा गंजल्या होत्या. दोघेही तो घेऊन मिरजेस गेलों, आणि तेथील सतारमेकरांकडून कातडें व तारा नव्या चढवून आणिल्या. सन २०२० च्या जानेवारींत पहिला गुरुवार झाला. मार्चमध्यें टाळेबंदी आली आणि बैठक पुन्हां थांबली. पण या खेपेस ती मोडली नाहीं. निर्बंध उठल्यावर आम्ही फिरून बसूं लागलों. वैद्यांस भुईवर बसवत नाहीं, म्हणून ते खुर्चीवर बसून तंबोरा छेडतात. तबल्यास सराफांचा नातू येतो. वकील मात्र पुण्यास सन २०१५ मध्येंच वारले. टाळ देण्याचा निर्णय आमचा एकट्याचा होता, आणि त्या रात्रीं त्यांनीं आमच्याकडे नापसंतीनें पाहिलें होतें. "तुमचें बरोबर होतें," हें त्यांस सांगावयाचें राहून गेलें. काय फिरून येतें आणि काय येत नाहीं, याचा हिशोब ज्यानें त्यानें करावा.

आमच्या बालमित्राची घाई अजून सुटलेली नाहीं. लय चढली कीं तो दोन मात्रा पुढें जाऊन उभा राहतो. आम्ही गत थांबवीत नाहीं. पुन्हां फिरून येतों. कधीं तो सांपडतो, कधीं नाहीं. अशी पंधरा-वीस आवर्तनें झालीं, दहाचे ठोके पडले, म्हणजे सौभाग्यवती माजघरांतून विचारतात, "आतां पाय कोण उचलणार?"